जुन्या मालकावर स्वारी करताना

नवंकोरं राष्ट्र हाताशी असेल आणि ज्याच्या तावडीतून सुटलात तो मालक अजूनही डोळे वटारत असेल, तर एकदा त्याच्याशी लढून घ्यावंच. अनुभवी सल्ला हवा असेल तर अमेरिकेकडे पाहा. 1783 साली त्यांनी ब्रिटनकडून स्वातंत्र्य कागदावर पक्कं करून घेतलं आणि तीस वर्षं पुरी व्हायच्या आत, 18 जून 1812 रोजी, त्याच ब्रिटनविरुद्ध पुन्हा युद्ध पुकारलं.

कारण मात्र भक्कम हवं. त्यांचं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. ब्रिटिश आरमार भर समुद्रात अमेरिकी जहाजं अडवायचं आणि ‘हा आमचाच पळालेला खलाशी’ म्हणत माणसं उचलून न्यायचं. अशी हजारो नेली. शिवाय नेपोलियनच्या युरोपशी व्यापार करायला लंडनच्या हुकमांची आडकाठी. यावर पहिला उपाय म्हणून आपलाच व्यापार बंद करून पाहावा. अध्यक्ष जेफरसन यांनी 1807 च्या डिसेंबरात तेच केलं. वर्षभरात अमेरिकेची निर्यात 10 कोटी 80 लाख डॉलरवरून 2 कोटी 20 लाखांवर आली आणि ब्रिटन ढिम्म. मग उरलं युद्ध. ज्या हुकमांवरून एवढं रण माजलं, ते लंडनने 23 जूनला मागे घेतले, म्हणजे युद्ध पुकारल्यावर पाच दिवसांनी. पण पत्रं जहाजाने यायची. ती पोचेपर्यंत तलवारी उपसून झाल्या होत्या, आणि उपसलेली तलवार नुसती म्यान करायची म्हणजे लोक काय म्हणतील?

तयारीच्या नादी फार लागू नका. युद्धाला पैसा लागतो, तेव्हा आदल्या वर्षी राष्ट्रीय बँकेची मुदत संपू द्यावी आणि ती वाढवू नये. समोर शेकड्यांनी लढाऊ जहाजं असलेलं आरमार असेल तर आपल्याकडे वीसच्या आत पुरे. शत्रू नेपोलियनमध्ये गुंतलाय, एवढ्या भरवशावर निघावं. नेपोलियनही त्याच महिन्यात रशियावर निघाला होता. त्याचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

आता हल्ला कुठे करायचा? माणसं समुद्रावर पळवली जात होती, म्हणून जमिनीवरून ब्रिटनच्या ताब्यातल्या कॅनडात शिरायचं. वड्याचं तेल वांग्यावर काढण्याचं इतकं भव्य उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल. तोवर निवृत्त झालेल्या जेफरसन यांनी घरबसल्या लिहूनही टाकलं की, क्वेबेकच्या आसपासपर्यंतचा कॅनडा घेणं म्हणजे नुसतं चालत जाण्याचं काम. चालत जायचं काम जनरल विल्यम हल यांच्याकडे आलं. युद्ध सुरू झाल्याची खबर सरकारने त्यांना साध्या टपालाने धाडली. ती मिळण्याआधीच हल यांनी सामान आणि लष्करी कागदपत्रं नावेत घालून ब्रिटिश किल्ल्यासमोरून पुढे पाठवली होती. ब्रिटिशांना खबर आधी पोचली होती. त्यांनी नाव ठेवून घेतली आणि कागद निवांत वाचले. तिकडे मॅकिनॅक बेटावरच्या अमेरिकी शिबंदीला तर युद्ध सुरू झाल्याचं तोफ घेऊन दारात उभ्या राहिलेल्या शत्रूकडूनच कळलं. टपालखर्च तेवढाच वाचला.

16 ऑगस्टला हल यांनी डेट्रॉइट न लढता देऊन टाकलं. लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड सुनावला, अध्यक्ष मॅडिसन यांनी म्हाताऱ्याची जुनी सेवा आठवून माफ केला. पण 19 ऑगस्टला त्यांचे पुतणे आयझॅक हल यांनी ‘कॉन्स्टिट्यूशन’ जहाजावरून ‘गेरिएर’ या ब्रिटिश जहाजाचा चुराडा केला आणि देशभर जल्लोष झाला. तेव्हा प्रत्येक घाबरट काकामागे एक कर्तबगार पुतण्या राखून ठेवावा. काका-पुतण्यांचं महत्त्व मराठी वाचकाला मी काय सांगावं!

राज्यघटना तोंडपाठ असलेले सैनिक मात्र शक्यतो टाळा. ऑक्टोबरात क्वीन्स्टन हाइट्सला काही फौज नायगारा नदी ओलांडून लढत असताना न्यूयॉर्कच्या मिलिशियाने, म्हणजे नागरिकांच्या राखीव फौजेने, नदीच्या अलीकडेच बैठक मारली. परमुलखात लढणं आमच्या करारात नाही, म्हणाले. पलीकडचे पकडले गेले. शेतकऱ्यांना मात्र असल्या सीमा आडव्या येत नाहीत. व्हरमाँट आणि न्यूयॉर्कमधली गुरं हाकत हाकत कॅनडात जात होती. कॅनडातल्या ब्रिटिश फौजेपैकी दोन तृतीयांश अमेरिकी गोमांसावर जगते, असं 1814 मध्ये खुद्द त्यांच्या गव्हर्नरने लंडनला कळवलं. शत्रूला उपाशी मारणं शेवटी असंस्कृतपणाच.

राजधानीची काळजी करू नका. युद्धमंत्री आर्मस्ट्राँग यांनीही केली नव्हती. ब्रिटिश वॉशिंग्टनकडे कशाला फिरकतील, असं त्यांचं मत होतं. 24 ऑगस्ट 1814 ला ते फिरकले. अध्यक्षांच्या घरी जेवण तयार होतं, ते जेवले आणि मग घर पेटवलं. संसदेबरोबर तिचं ग्रंथालयही जळालं. ती जागा भरायला जेफरसन यांनी स्वतःची 6,487 पुस्तकं 23,950 डॉलरला सरकारला विकली. त्या चालत जाण्याच्या कामात कुणाच्या पदरात रोकड पडली असेल तर ती अशी.

राष्ट्रगीत तेवढं मिळवा. बाल्टिमोरवरच्या भडिमारानंतर झेंडा तसाच फडकताना पाहून फ्रान्सिस स्कॉट की यांनी कविता लिहिली. चाल लंडनच्या एका क्लबातल्या गाण्याची घेतली. युद्ध मालकाशी होतं, मालकाच्या चालीशी नव्हे. देश स्वतंत्र माणसांचा, असं त्यात म्हटलंय. की यांच्या पदरी गुलाम होते, आणि त्या युद्धात सुमारे 4,000 गुलाम स्वातंत्र्य शोधत राजाच्या जहाजांवर पळून गेले. कवितेत सगळंच कुठे मावतं?

24 डिसेंबर 1814 ला गेंट इथे तह झाला. पळवलेल्या खलाशांचा त्यात उल्लेखच नाही, आणि सीमा होत्या तिथेच. तरी अमेरिका जिंकली, ब्रिटन हरलं नाही आणि कॅनडा वाचला म्हणजे तोही जिंकला. एवढे विजेते एका युद्धात मावायचे तर हरणारा बाहेरून आणावा लागतो. तो शोधण्यात मात्र अजिबात हयगय करू नका. खरी कमाई तिथेच आहे.

शॉनी नेता टेकम्सेने मूळ रहिवाशांच्या जमातींना एकत्र करून ब्रिटिशांना साथ दिली. 5 ऑक्टोबर 1813 ला कॅनडातल्या टेम्स नदीकाठी ब्रिटिश पळाले, टेकम्से लढत राहिला आणि मारला गेला. गेंटला त्याच्या लोकांसाठी वेगळा मुलूख मागायचं ब्रिटिशांनी ठरवलं होतं. अमेरिका नको म्हणाली तसं सोडूनही दिलं. 1811 साली ज्यांचं जे होतं ते परत मिळेल, असं एक कलम राहिलं, ते कुणी पाळलं नाही. दक्षिणेत अमेरिकी जनरल अँड्र्यू जॅक्सन यांनी क्रीक जमातीच्या मूळ रहिवाशांकडून सुमारे 2 कोटी 30 लाख एकर जमीन लिहून घेतली. त्यांच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही त्यात गेली. मित्र म्हटलं की थोडं सोसायचंच. हेच जॅक्सन 8 जानेवारी 1815 ला, म्हणजे तहावर सह्या होऊन पंधरा दिवसांनी, न्यू ऑर्लिन्सला मोठी लढाई जिंकले, पुढे अध्यक्ष झाले, आणि 1830 मध्ये उरलेल्यांनाही हुसकवायचा कायदा झाला.

राहता राहिलं, थांबायचं कधी? घाई नको. 30 जून 1815 ला, जावाजवळच्या सुंदा सामुद्रधुनीत, अमेरिकी ‘पीकॉक’ जहाजाला ‘नॉटिलस’ भेटलं. हे राजाचं जहाजही नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनचं, म्हणजे आपल्या मुंबईच्या ताफ्यातलं. त्यावरच्या लेफ्टनंट बॉइसने ओरडून सांगितलं की तह झालाय. कप्तान वॉरिंग्टन म्हणाले, आधी निशाण उतरवा. बॉइसने नकार दिला. तोफा झाडल्या, माणसं मेली, बॉइसचा पाय गेला. मग कागद पाहून जहाज परत करण्यात आलं. वॉरिंग्टन पुढे काही दिवस अमेरिकेचे हंगामी नौदलमंत्रीही होते.