डावी बाजू

फाटकावरच्या रक्षकाने माझी पिशवी उघडायला लावली. आत पाण्याची बाटली, सकाळचा पेपर आणि एक चपटा स्टीलचा डबा. डबाही उघडायला लावला. त्यात दोन घडीच्या पोळ्या होत्या. बाकी भाजी नाही, लोणचं नाही, काही नाही. त्याने पोळ्यांकडे पाहिलं, मग मोदकापासून मांड्यांपर्यंत सगळं रंगवलेल्या मागच्या कमानीकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

“साहेब, आत जेवण मिळतं,” तो म्हणाला.

“माहीत आहे,” मी म्हणालो. त्या पोळ्यांमागे माझा एक वर्षाचा विचार होता. तो मागे रांग खोळंबलेली असताना त्याला समजावून देणं शक्य नव्हतं.

हिवाळा आला की आमच्याकडे असल्या जत्रांना ऊत येतो. वांद्रे-कुर्ला संकुलात ‘महालक्ष्मी सरस’ भरतं, उपनगरांतल्या मोकळ्या मैदानांवर (म्हणजे जी काही उरली आहेत त्यांवर) मालवणी महोत्सव उभे राहतात, आणि पुण्याचे नातेवाईक ‘या एकदा भीमथडीला’ म्हणून फोन करतात. आमच्या भागातली जत्रा त्या मानाने धाकटी. तिचं नाव सांगत नाही, कारण मला पुढच्या वर्षीही तिथे तोंड दाखवायचंय. पण थाट तोच. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले महिला बचत गट, टेबलावर झाकणाच्या वाट्या, वाट्यांत चमचे, आणि टेबलामागून येणारं ते आर्जव: “चव तर बघा!”

या तीन शब्दांच्या भरवशावर मागच्या वर्षी मी तिथे जेवायला गेलो होतो. जत्रेत जेवायला नव्हे, चवींवर जेवायला. हिशेब सोपा होता. साठ स्टॉल, प्रत्येकी तीन वाट्या, म्हणजे १८० घास. एवढे घास मी लग्नाच्या पंगतीतही घेत नाही. चूक झाली ती घास कशाला म्हणायचं इथे. चवीचा चमचा म्हणजे आइस्क्रीमच्या कपाबरोबर मिळतो तो लाकडी चपटा चमचा, तोही उलटा धरून, दांड्याच्या टोकाने. त्या टोकावर राहते ती चटणी फार तर दोन ग्रॅम. घरी परत आल्यावर मी माझं रोजचं जेवण वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. पोळ्या, भाजी, आमटी-भात मिळून ४५० ग्रॅम भरलं. म्हणजे २२५ चमचे. त्यात साठांपैकी निम्मे स्टॉल साड्यांचे, वारली चित्रांचे आणि सावंतवाडीच्या लाकडी फळांचे. त्यातलं एक केळं मी भुकेच्या भरात पिकलंय का म्हणून दाबूनही पाहिलं होतं.

पण वजनाचा प्रश्न किरकोळ. खरी गोम ताटात होती. मराठी ताटाला भूगोल असतो. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भाताची मूद, नाहीतर पोळी. त्यातलं डावीकडचं असतं ते तोंडी लावायला. म्हणजे दुसरं काहीतरी खाताना, त्याच्याबरोबर. आणि जत्रेत चवीला जे ठेवतात ते झाडून सगळं डावीकडचं! जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, लिंबाचं लोणचं, मिरचीचा खर्डा, मेतकूट, पापडाचे तुकडे. उजवी बाजू पलीकडच्या मंडपात, कूपन फाडून, रांग लावून, विकत. म्हणजे मी तीन तास नुसती डावी बाजू जेवलो. रात्री पोटात डाव्यांनी जो मोर्चा काढला तो ओवा-सैंधवाच्या तीन फैरी झाडल्यावर पहाटे कुठे पांगला.

तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या वर्षी मधली बाजू घरून न्यायची.

बायको या मोहिमेत नव्हती. ती सांगलीला मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेली होती, आणि ते एका परीने बरंच होतं. तिला चव बघण्याची कला अवगत नाही. ती चमचाभर चटणी खाते, आवडली तर पाकीट घेते, नाही आवडली तर “तिखट आहे हो” म्हणून पुढे जाते. चव बघणं म्हणजे फक्त चव बघणं, अशी तिची बाळबोध समजूत आहे.

माझं तंत्र असं. डबा पिशवीत, झाकण आधीच सैल केलेलं. उजवा हात पिशवीत, जणू पाकीट शोधतोय. तेवढ्यात आत नखाने पोळीचा तुकडा तोडायचा आणि मुठीत धरायचा. डाव्या हाताने चमचा घ्यायचा, “वा” म्हणायचं, दोन पावलं सरकून मंडपाच्या खांबाआड जायचं आणि चमचा पोळीला पुसून घास तोंडात टाकायचा. आदल्या रात्री हे मी आरशासमोर करून पाहिलं होतं. आरशात उत्तम जमलं.

पहिला घास विदर्भाचा घेतला. टेबलावर वायगावची हळद, भिवापूरची मिरची, आणि दोन्हींना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याची पाटी. मला अशा पाट्या वाचायला आवडतं. पाटी वाचत असलेल्या माणसाला कुणी हाकलत नाही. पाटीखालच्या वाटीत त्याच मिरचीचा ठेचा होता. “थोडासाच घ्या भाऊ,” ताईंनी बजावलं. पण पोळीचा तुकडा मी जरा मोठा तोडला होता आणि तुकड्याच्या मानाने तोंडीलावणं हवं, नाहीतर पोळी कोरडी लागते. मी दोन चमचे घेतले.

पुढचं मला सलग आठवत नाही. कानांतून काहीतरी बाहेर पडल्यासारखं झालं. समोरची हळद आधी दोन दिसली, मग एकही दिसेना. मी बाटली काढून पाणी प्यायलो, तर ताई ओरडल्या, “पाणी नका पिऊ भाऊ, अजून झोंबते!” त्यांचं बरोबर होतं. तिखटपणा ज्याच्यामुळे येतो ते मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तुपा-तेलात विरघळतं. पाण्याने ते नुसतं धुऊन जिभेवरून टाळ्यावर, टाळ्यावरून घशात, असं नव्या वस्तीत पसरतं. शाळेत ही गोष्ट कुणी शिकवत नाही. तिथे बेडकाचं हृदय शिकवतात.

स्निग्ध पदार्थाच्या शोधात मी धावलो तो थेट सिंधुदुर्गात पोहोचलो. तिथे सोलकढी होती. नारळाच्या दुधात भरपूर स्निग्धांश असतो, त्यामुळे शास्त्र माझ्या बाजूने होतं. प्रमाण नव्हतं. चवीची सोलकढी तान्ह्या बाळाच्या बोंडल्यात मावेल एवढी, इवल्याशा कागदी कपात. मी एक घेतली. दुसरी घेतली. तिसऱ्यासाठी हात पुढे केला तेव्हा टेबलामागच्या काकूंनी माझ्या वाहत्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ती दिली. पण चौथ्या वेळेला सरळ प्रश्नच आला. “बाटली देऊ का मोठी?”

“एक चक्कर मारून येतो,” मी म्हणालो.

हे वाक्य प्रत्येक प्रदर्शनात दिवसाला हजारदा ऐकू येत असेल. ती चक्कर पूर्ण करून परत आलेला माणूस मात्र कुणी पाहिलेला नाही. माझं म्हणाल तर मी परत येतो. वर्षाने येतो, पण पृथ्वीबरोबर सूर्याभोवती रीतसर एक चक्कर मारूनच येतो.

त्यानंतर पोळी-तंत्र जरा मार्गी लागलं. कारळ्याची चटणी आणि पोळी हा अव्वल घास. मेतकूट-पोळी बरी, पण खांबाआड ठसका लागतो आणि पिठाचा ढग उडतो, त्यामुळे जागा कळते. सांगलीच्या बेदाण्याला पोळी लागत नाही. ते मी पाच उचलले. तिथली मुलगी काही बोलली नाही, नुसते ओठ हलवत तिने मोजले. आवळा, कारलं, जांभळाच्या बिया अशा आरोग्यदायी गोष्टींच्या रांगेतून मी खाली मान घालून निघून गेलो. तिथे चव घ्या म्हणून मागे लागतात, यावरूनच काय ते समजावं.

याच सुमाराला माझ्या लक्षात आलं की प्रत्येक स्टॉलवर माझ्याआधी एक गृहस्थ उभा असतो. मुंबईत पारा २२ अंशांवर आला की काही लोक लगेच अर्ध्या बाह्यांचा स्वेटर काढतात, त्यांतला. खांद्याला मोठी कापडी पिशवी, घडीसुद्धा न मोडलेली. मी पोळीवर भिस्त ठेवून होतो. हा उघड्या हातांनी लढत होता. त्याचं शस्त्र म्हणजे प्रश्न.

“तेल कोणतं? घाण्याचं?”

“हो दादा, लाकडी घाण्याचं.”

“वाटलंच. बघू जरा परत.” एक चमचा.

“लसूण भाजून घातलाय की कच्चा?”

“कच्चाच.”

“असं? मघाशी लागला नाही.” दुसरा चमचा.

खानदेशच्या टेबलावर तर त्याने ज्वारीचे बिबडे तळलेले बरे की भाजलेले, यावर असा काही वाद उपस्थित केला की तो निकाली काढण्यासाठी त्यांनी दोन्ही करून दिले. भाजलेल्याच्या बाजूने तो निम्मा खाईपर्यंत ठाम होता, मग त्याचं मत पालटलं. आणि शेवटी, बोटं रुमालाला पुसत, अगदी मनापासून: “छान आहे. घरी विचारून सांगतो.”

घरी विचारण्यासारखं काही नव्हतं. त्याची बायको शेजारीच उभी होती. तीही खात होती.

मला माझ्या दोन पोळ्यांची लाज वाटू लागली. कलावंतासमोर मी पट्टीने रेघा मारणारा ड्राफ्ट्समन होतो.

सोलापूरच्या टेबलाशी आलो तेव्हा डब्यात पावणेदोन पोळ्या होत्या आणि भूक अजून जशीच्या तशी होती. समोर शेंगाचटणी. सोलापूरची शेंगाचटणी वाटत नाहीत, कुटतात. शेंगदाणे, लसूण आणि तिखट उखळात कुटून कुटून आपल्याच तेलात ओली झालेली, लालभडक. या चटणीसाठी मी वर्षभर थांबलो होतो. शेजारी मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चळत, पण पाकीटबंद. ती चवीला फोडत नाहीत. टेबलामागे एक मावशी, डोक्यावरून पदर, चेहऱ्यावर वैताग. त्यांचे चमचे संपले होते. त्या चिमूटभर चटणी सरळ तळहातावर ठेवत होत्या. लोकांच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्यात पिशवी, त्यात चटणीचं तेल. माणसं हात आखडून पुढे जात होती.

मी हात पुढे केला. चटणी पडली. आणि दीड तासाच्या सवयीने दुसरा हात पिशवीतून आपोआप बाहेर आला, पोळीच्या तुकड्यासकट. खांब विसरलोच.

मावशींनी तुकडा पाहिला.

“ही पोळी कुठली वो दादा?”

आजूबाजूचे चारपाच जण थांबले. “घरची,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

“आनि कशापायी आणलीया?”

याला उत्तर नव्हतं. मी मालदांडीची पाटी वाचू लागलो.

“किती हायत?”

“दोन. म्हणजे… पावणेदोन.”

“आणा हिकडं.”

त्या आवाजात चवथीच्या वर्गातल्या बाईंचा अधिकार होता. मी डबा दिला. मावशींनी पोळ्या एकावर एक ठेवल्या, सपासप नखाएवढे तुकडे केले, ताटलीत मांडले आणि प्रत्येकावर चटणीचा ठिपका ठेवून हाक दिली, “पोळीसंगं बघा! चव तर बघा!” मग ताटली माझ्या हातात देत म्हणाल्या, “दादा, जरा धरा की, मला सुट्टं द्यायचंय.”

अशा रीतीने मी टेबलाच्या पलीकडे गेलो.

गर्दी कुठून आली कळलं नाही. माझ्या पोळ्या माझ्या डोळ्यांसमोर चिमटीचिमटीने नाहीशा होत होत्या आणि मागे मावशींची पाकिटं खपत होती. एका बाईंनी खाऊन सांगितलं, “पोळ्या काय मऊ आहेत हो. डझन कितीला?” मी म्हणालो, “विकायच्या नाहीत, चवीच्या आहेत.” एका पोराने तीन तुकडे एकदम उचलले. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दोन वर्षं मी टेबलांच्या या बाजूने जी नजर झेलत होतो, ती मला कुणी न शिकवता जशीच्या तशी जमली.

शेवटी एक तुकडा उरला. तो मी अंगठ्याखाली धरून ठेवला होता. ठिपकाही त्यावर जरा मोठा होता. मावशींची पाठ वळायची मी वाट पाहत होतो, तेवढ्यात समोर स्वेटर उभा राहिला.

“गहू कोणता?” त्याने विचारलं.

“सिहोर.”

“घडीला तेल की तूप?”

“तेल.”

“वाटलंच. बघू.”

त्याने माझा अंगठा जरा बाजूला केला, तुकडा उचलला, डोळे मिटून चावला, रुमाल काढून बोटं पुसली.

“छान आहे,” तो म्हणाला. “घरी विचारून सांगतो.”

घर शेजारीच उभं होतं आणि रिकाम्या ताटलीतलं तेल बोटाने निपटून घेत होतं.