लेकीला एफवायला घालताय? मग बसा जरा

बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, आता पोरगी बीएस्सीला जाणार म्हणून तुम्ही निवांत असाल तर आधी अभिनंदन. मीही अशीच निवांत होते. त्यानंतरचे अकरा दिवस मी एक वेबसाइट, एक खिडकी आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप ह्यांच्यात काढले, आणि त्यातून जे ज्ञान मिळालं ते तुम्हाला फुकट देतेय. कॉलेजचं नाव विचारू नका, लेकीला तिथे अजून तीन वर्षं काढायचीत. ऑनर्स केलं तर चार.

सगळ्यात आधी, 'माझ्या मुलीला केमिस्ट्री घ्यायचंय' असं कोणासमोर बोलू नका. हसतात. आता विषय घेत नसतात, बास्केट भरतात. त्या बास्केटमध्ये मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस आणि सीसी. हे एका दमात म्हणता आलं पाहिजे, अथर्वशीर्षासारखं, अर्थ नंतर कळतो किंवा नाही कळत. हे नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं, आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत २०२३ ला आलं आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४ ला, त्यामुळे तुम्हाला वाटेल की एव्हाना खिडकीतल्या माणसाला ते पाठ झालं असेल. वाटू द्या.

क्रेडिट म्हणजे काय हे घरच्या मोठ्यांना समजवायला जाऊ नका. आमच्या सासूबाईंना ती वाण्याकडची उधारी वाटली आणि खरं सांगू, त्या फार लांब नव्हत्या. थिअरीला १५ तास बसलं की एक क्रेडिट, प्रॅक्टिकलला ३० तास उभं राहिलं की एक. सेमिस्टरला २० ते २२ जमवायचे. वर्षाचे ४० ते ४४ झाले आणि पोरीला कंटाळा आला तर वर आणखी चार क्रेडिटचं काहीतरी करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, जमवलेले क्रेडिट बँकेत सात वर्षं राहतात, मन झालं की परत यायचं. बाहेर पडायची सोय इतकी बारकाईने केलीय की आत शिरायचं कसं ते बघायचंच राहून गेलं बहुतेक.

फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत, आणि तुमचं डोकं थंड पाण्यात.

एबीसी आयडी, म्हणजे त्या क्रेडिटच्या बँकेतला खातेनंबर, आधीच काढून ठेवा. सोपं असतं म्हणतात. १२ आकडी नंबर, डिजिलॉकरमधून निघतो, डिजिलॉकर आधारवर उघडतं, आधारचा ओटीपी जातो त्या मोबाइलवर जो लेक तिसरीत असताना आपण दिलेला, तो तिच्या बाबांचा जुना नंबर, रिचार्ज केला नाही म्हणून बंद पडला आणि कंपनीने तो दुसऱ्याच कुणाला देऊन टाकला. आमच्या लेकीचे ओटीपी सध्या एका अनोळखी गृहस्थांकडे जातात. त्यांना फोन करून विचारावं असं एकदा मनात आलं होतं, पण 'दादा, ओटीपी आलाय का हो' म्हटल्यावर सायबरवाले मलाच उचलतील म्हणून गप्प बसले आणि आधार केंद्राच्या रांगेत एक सकाळ घातली. नंबर बदलला. मग नावाचं निघालं. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, पोर्टलच्या मते ह्या दोन वेगळ्या मुली. मी जन्म एकीलाच दिलाय, तसा दाखला जोडायची जागा फॉर्ममध्ये नाही.

ग्रुपवरच्या नोटिशी मान वाकडी करून वाचायची सवय ठेवा, फोटो तसाच काढतात.

सीसीमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या जोडीच्या उपक्रमांत, योगा मिळाला तर लगेच घ्या, पुढच्या सगळ्याला उपयोगी पडतो.

आणि आता ओई. ओपन इलेक्टिव्ह. नियम साधाय, मेजर ज्या शाखेतलं त्या शाखेच्या बाहेरचा विषय घ्यायचा. सायन्सवालीने कॉमर्सचा घ्यावा, आर्ट्सचा घ्यावा. कल्पना चांगलीच आहे, खोटं कशाला बोलू, मला बॉटनीबरोबर थोडं बँकेचं काही शिकवलं असतं तर होमलोनच्या कागदांवर डोळे मिटून सह्या केल्या नसत्या. तर यादीत चौदा विषय, लेकीने हौसेने ठरवलं वैयक्तिक अर्थनियोजन. लिंक सोमवारी सकाळी १० ला. पावणेदहापासून ती लॅपटॉपवर, मी मोबाइलवर, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते देव जाणे. १० ला लिंक उघडली नाही. १० वाजून ६ मिनिटांनी उघडली. १० वाजून ९ मिनिटांनी अर्थनियोजन फुल्ल, जाहिरात लेखन फुल्ल, पर्यटन फुल्ल, आणि शिल्लक काय तर 'रोजच्या जीवनातलं रसायनशास्त्र'. म्हणजे सायन्सचंच! मी म्हटलं अगं हे चालणार नाही, तोवर तिने क्लिक केलेलं, पोर्टलने हिरवी टिक दिली, फी कापली, पावती दिली. 'आई, घेतलं ना त्यांनी, म्हणजे चालत असेल.' पोरीचं काय चुकलं? चौथ्या दिवशी मेसेज, फॉर्म रिजेक्टेड, ओई स्वतःच्या शाखेतला. अर्धी रजा टाकून गेले. खिडकी नंबर ३.

'मॅडम, नियम वाचला नाही का?'

'वाचला हो. पण मग तुमच्या पोर्टलने घेतला कसा?'

'पोर्टल आमचं नाही, एजन्सीचं आहे.'

'बरं, एजन्सीचा नंबर द्या.'

'तो आमच्याकडे नसतो.'

इथे मी तुम्हाला शांत राहायचा सल्ला देणार होते. नाही देत. फोटो ५१ केबीचा झाला म्हणून तीनदा तोंडावर फेकणारं पोर्टल, एका केबीचा हिशोब चोख ठेवणारं, त्याला सायन्सची मुलगी सायन्सचा ओई घेतेय हे दिसत नाही? अडवायची तर जागा तीच होती, तिथे टिक हिरवी! आणि चार दिवसांनी रिजेक्ट केल्यावर नवीन फॉर्म भरायचा तर मुदत संपलेली, मग लेट फी २०० रुपये. मी विचारलं लेट कोणामुळे झालं, तर म्हणे सिस्टीम आपोआप घेते. पैसे तेवढे आपोआप घेते, बाकी कशाला हात लावत नाही. आधीची कापलेली फी परत कधी, तर अर्ज करा, अर्ज कुठे, खिडकी ५, खिडकी ५ वर पुठ्ठा, 'जेवणाची वेळ १.३० ते २.१५', घड्याळात पावणेतीन. शेवटी जिथे जागा उरलीय तिथे घ्या म्हणून पत्रकारितेची ओळख मिळालं, ठीकय, वाईट नाही, पण त्याचा तास गुरुवारी दुपारी आणि गुरुवारी दुपारीच केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. ते दाखवलं तर म्हणाले टाइमटेबल टेंटेटिव्ह आहे. १२ जुलैला टेंटेटिव्ह होतं, आजही आहे, लेक एक गुरुवार इकडे बसते आणि एक गुरुवार तिकडे, दोन्हीकडे हजेरी अर्धी.

मला ह्यातलं निम्मं सोसवतं कारण घरात लॅपटॉप आहे, वायफाय आहे, रजा टाकली तर साहेब फक्त तोंड वाकडं करतात. खिडकीवर माझ्या मागे एक मुलगी होती, हातात प्लास्टिकची फाइल, सारखी घड्याळ बघत होती कारण तिची एसटी तीनची आणि पुढची साडेसहाची. तिचा फॉर्म गावातल्या नेट कॅफेवाल्या पोराने दीडशे रुपये घेऊन भरलेला, त्याने बास्केटमध्ये सगळीकडे पहिल्याच पर्यायाला टिक केलेली. तिचाही रिजेक्ट. तिने हळूच विचारलं, 'मावशी, ओई म्हणजे काय असतं?'

मी तिच्याच झेरॉक्सच्या पाठीवर लिहून दाखवलं. हे मेजर, हा तुझा मुख्य विषय. हा मायनर, त्याच्या जोडीचा. ओई म्हणजे शाखेबाहेरचा, तू आर्ट्सची ना, मग सायन्स किंवा कॉमर्सचा बघ. हे दोन भाषेचे, हे आपल्या जुन्या विद्यांचं, आणि हा योगा नाहीतर एनएसएस. पाच मिनिटं लागली. पोरगी हुशार, लगेच म्हणाली, 'एवढंच होय?' तीनची एसटी गेलीच होती.

अहो, पाच मिनिटं. मी कोणी प्राध्यापक नाही, त्या अकरा दिवसांआधी मला ह्यातलं एक अक्षर येत नव्हतं. आणि तुम्ही पगार घेऊन, प्रवेश समिती नेमून, समुपदेशन कक्ष अशी पाटी लावून त्या खोलीला कुलूप घालून बसता? अठरा वर्षांच्या मुलीला 'वेबसाइटवर सगळं आहे' सांगता, जी वेबसाइट इंग्रजीत, जी पीडीएफ ४२ पानांची, जी तिच्या मोबाइलवर उघडतही नाही? चुकीचा विषय यादीत तुम्ही ठेवलात, टिक तुमच्याकडून आली, आणि २०० रुपये तिने भरायचे? लाज वाटत नाही? तिच्यासारख्या रांगेत आणखी किमान तीस होत्या, मी मोजल्या, दुसरं काही काम नव्हतं मला.

एक पान लावा. मराठीत. खिडकी ३ च्या काचेवर, डोळ्यांच्या उंचीला. टायपिंगला माणूस नसेल तर मी करून देते, चिकटपट्टीही माझीच. आणि त्या पोरीचे २०० रुपये परत करा, सिस्टीमने नव्हे, हाताने.