आधी दाढ बघा, मग वागणूक

भुसावळचा मे महिना. माझा लहाना भाऊ उजव्या गालावर तळहाताने फाडफाड मारून घेत होता. एक-दोन दिवस नाही, तीन आठवडे. ताटावरून उठून जायचा, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घरभर फेऱ्या मारायचा. तो २२ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे. बोलतो ते बहुतेक स्टेशनवरच्या अनाऊन्समेंटमधलंच. त्या दिवसांत त्याचं एकच वाक्य चालू होतं, "असुविधा के लिए हमें खेद है."

माय म्हणे, गाड्यांचं वेड वाढलं. शेजारच्या काकू मीठ-मिरच्या ओवाळून गेल्या. ज्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी टेबलापलीकडूनच बघितलं, "ऑटिझममध्ये असं होतंच" म्हणाले आणि वागणुकीच्या गोळीचा डोस वाढवून दिला. तोंड उघडून कोणी बघितलं नाही. मीसुद्धा नाही. ही गोष्ट मला अजून खाते.

गाल सुजला तेव्हा उजेड पडला. खालची दाढ किडून मुळाशी पू झाला होता. जागेपणी तो खुर्चीत बसेना, म्हणून भूल देऊन दाढ काढावी लागली. चौथ्या दिवशी आमरसाच्या दोन वाट्या संपवल्या आणि रात्रभर झोपला. गालावरचा हात थांबला, तो थांबलाच. तीन आठवडे तो आम्हाला सांगत होता की काहीतरी बिघडलंय. त्याच्याकडे जे शब्द होते त्याच शब्दांत सांगत होता.

"ऑटिझममध्ये असं होतंच" या वाक्याचा मला आता राग येतो. ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांना शरीरात नेमकं कुठे काय होतंय हे ओळखणं अवघड जातं, ओळखलं तरी शब्दांत मांडणं त्याहून अवघड. मग दुखणं बाहेर पडतं ते मारून घेण्यातून, किंचाळण्यातून, जेवण टाकण्यातून. पोट आठ-आठ दिवस साफ होत नाही, छातीत जळजळतं, कान ठणकतो, मुलींना पाळीत कळा येतात. आणि घरात चर्चा मात्र "हट्टीपणा"ची. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलांचं रक्त तपासलं तर लोह, जीवनसत्त्वं कमी निघू शकतात. फिट्सचं प्रमाण यांच्यात इतरांपेक्षा बरंच जास्त असतं आणि कित्येकांना पहिली फिट वयात येताना येते. मध्येच काही क्षण टक लावून हरवणं हेही त्यातलं असू शकतं. वागणुकीच्या काही गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं, तेही कोणी मोजत नाही.

२०१६ साली स्वीडनमधला एक मोठा अभ्यास आला. अभ्यासाच्या काळात वारलेल्या ऑटिझम असलेल्या माणसांचं सरासरी वय ५४ निघालं, इतरांचं ७०. बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये फिट्ससारखे मेंदूचे आजार आणि ती नसलेल्यांमध्ये आत्महत्या, ही कारणं ठळक होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मनाचं तर कोणी विचारतच नाही. आबा गेले तेव्हा घरातले जाणते लोक म्हणाले, "त्याला काय समजतं?" रोज संध्याकाळी आबांबरोबर रेल्वेच्या पुलावर जाणारा हा पोरगा त्यानंतर चार महिने पुलाकडे फिरकला नाही. आबांची चप्पल दारातून कोणी हलवली की रडायचा. दुसरं काय समजायचं असतं माणसाला? पुढे एका मानसोपचारतज्ज्ञांनी नीट वेळ देऊन विचारलं, तेव्हा कुठे त्याला नैराश्य आहे हे आम्हाला कळलं. ते वेगळं दुखणं आहे आणि त्यावर उपचार होतात.

आता फ्रिजवर एक वही असते. झोप किती, शौचाला कधी, काय खाल्लं, नवीन काय करतोय, तारखेसकट. मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवते. वागणं अचानक बदललं की दात, कान, पोट बघितल्याशिवाय मी दवाखान्यातून उठत नाही. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा 'निरामय' आरोग्य विमा ऑटिझमला लागू आहे, १ लाखापर्यंतचा. आमच्याकडे कितीतरी घरांना तो माहीतच नाही, चौकशी करा. रात्री-अपरात्री घरच्यांचाच धीर सुटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे असे दातांचे डॉक्टर माहीत असतील, की जे आधी एकदा नुसतं खुर्चीत बसून घरी जाऊ देतात, ट्यूबलाइट बंद करतात, घाई करत नाहीत, तर मला कळवा. दुसऱ्या बाजूची दाढही तपासायची आहे.