रिपोर्ट नॉर्मल, पापणी मात्र खालीच

‘नसेला करंट देऊन केलेली तपासणी नॉर्मल आली की मायस्थेनिया नाही, निर्धास्त राहा’ हे या आजारावरच्या (नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, स्नायू लवकर थकतात) लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आमच्या अण्णांची डावी पापणी दिवस कलला की खाली यायची. बोटानं वर धरून ते बातम्या बघायचे. डिसेंबरात परभणीहून पहाटेची गाडी धरून संभाजीनगरला गेलो. हात गारठलेले, तसेच मनगटाच्या नसेवर झटके दिले. रिपोर्ट नॉर्मल. ‘वयामानानं होतं’ म्हणून परत पाठवलं, वर्ष गेलं. स्नायू गार असला तर दोष झाकला जातो, हे तिथं कुणी बोललंच नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी तीच तपासणी चेहऱ्याच्या नसेवर केली. सेकंदाला 3 झटके. चौथ्या झटक्यापर्यंत स्नायूचा प्रतिसाद 10 टक्क्यांहून जास्त घसरलेला स्क्रीनवर आम्हालाही दिसला, हीच मायस्थेनियाची खूण. (अण्णा म्हणे, ‘पराणी टोचल्यावानी लागतंय, पण सोसतंय.’) आजार फक्त डोळ्यांपुरता असला तर बऱ्याच जणांत ही तपासणी नॉर्मलच येते, तेव्हा सिंगल फायबर ईएमजी (बारीक सुईनं एकेका स्नायूतंतूचे विद्युत संकेत बघणारी तपासणी) जास्त कामाची. लेखात तिचं नावही नाही. या आजारावरची पायरिडोस्टिग्मिनची गोळी चालू असेल तर तपासणीआधी किती तास थांबवायची, हे डॉक्टरांना विचारायचं असतं, तेही राहिलंय.