‘शाह’ अरबस्तानातून आला?

“शाह हा अरबी शब्द. मोगलांनी तो भारतात आणला, शहा आडनाव त्यातूनच पडलं आणि ‘शह-मात’ म्हणजे राजा मेला.” हा मजकूर गेले काही दिवस गटागटांतून फिरतो आहे. चार विधानं आहेत आणि चारही चुकीची.

आधी अरबीचं. अरबीत राजाला मलिक म्हणतात, सुलतानही म्हणतात. शाह इराणचा. इ.स.पू. 520 च्या सुमारास इराणच्या दारयवहु (डॅरियस) राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरवला, त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’, म्हणजे राजांचा राजा म्हणवतो. इस्लामच्या उदयाला तेव्हा हजाराहून अधिक वर्षं अवकाश होता. त्यातला ‘-आनाम्’ पाहा, आपल्या ‘देवानाम्’मधलाच. झिजत झिजत ख्शायथियचा शाह झाला, आणि राजांचा राजा झाला शाहनशाह. म्हणून काही जण लगेच ‘मूळ संस्कृतच’ म्हणतात, तेही बरोबर नाही. आपलं ‘क्षत्र’ आणि हा शब्द एकाच घरातली भावंडं. भावंडाला बाप म्हणू नये.

मोगलांनी आणला म्हणावं, तर कनिष्काच्या नाण्यांवरच्या ‘शाओनानो शाओ’चं काय करायचं? ग्रीक लिपीत, बाख्त्री या अफगाण प्रदेशातल्या जुन्या भाषेत लिहिलेला हाच ‘राजांचा राजा’. चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताच्या प्रयाग-प्रशस्तीत तर ‘दैवपुत्रषाहिषाहानुषाहि’ असा अख्खा समास आहे, आणि तो शुद्ध संस्कृत लेखात. बाबर आला 1526 मध्ये! शाहच्याच शब्द-घराण्यातला ‘क्षत्रप’, म्हणजे राज्याचा रक्षक, आपल्या दाराशीही पोचला होता. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षहरात कुळातल्या नहपान या क्षत्रपाच्या काळचे लेख आजही वाचता येतात. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला 1906 मध्ये त्याची तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. शाळेच्या सहलीत मुलांना लेणी दाखवतो, तेव्हा हे सांगायचं राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आडनावाचं कोडं मराठी माणसाने तरी चुकवू नये. गुजराती-जैन व्यापाऱ्यांचं ‘शहा’ हे ‘साधू’वरून: साधू, प्राकृतात साहू, मग साह. आपल्या ‘सावकार’ातला साव तोच, ‘चोर की साव’ मधलाही तोच. सचोटीचा माणूस, ज्याच्याकडे पैसा ठेवावा. फारसी शाहशी उच्चार जुळला, इतकंच. मुसलमान फकिरांच्या नावापुढचा शाह मात्र फारसीच.

राहिली मात. अरबीत ‘मात’ म्हणजे मेला, त्यावरून हा समज पसरला. फारसीत मात म्हणजे हतबल, गोंधळलेला. पटावर बघा ना: प्यादी मरतात, वजीर मरतो, राजा कधीच मारला जात नाही, त्याची फक्त वाट बंद होते. चतुरंग आपल्याकडून इराणला गेला, आणि इराणचा शाह त्या खेळाबरोबर युरोपभर फिरला. जर्मनांचा ‘शाख’, इंग्रजांचा ‘चेक’ आणि आपला ‘शह’ हे तिन्ही त्याचेच.