परदेशातून : गांजा, सोंगट्या आणि पेटंट

अमेरिकेतल्या एका शोधकाच्या नावावरील पेटंटांची यादी अलीकडे आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरत होती. त्यातली काही पेटंटे औषधी गांजाच्या अर्कांवर आणि ते रुग्णाला देण्याच्या साधनांवर आहेत, तर काही चक्क पटावर खेळायच्या खेळांवर. एकाच माणसाने इतक्या दूरच्या दोन विषयांत हात घालावा याचे मला फारसे नवल वाटले नाही, कारण स्वतंत्रपणे काम करणारे शोधक असेच असतात आणि पेटंट कार्यालय अर्जदाराची पदवी विचारत नाही. मला लिहावेसे वाटले ते मुंबईहून आलेल्या दोन प्रतिक्रियांमुळे. विलेपार्ल्याचे माझे मामा औषध कंपनीतून निवृत्त झालेले रसायनतज्ज्ञ आहेत. "आधी हळद पळवली, आता आपली विजया पळवली," असे त्यांनी लिहिले (विजया हे गांजा-भांगेच्या झाडाचे आयुर्वेदातले नाव). माटुंग्याचा माझा मावसभाऊ नोकरी सांभाळून पटावरचे खेळ तयार करतो. त्याचे म्हणणे असे की भारतात खेळाला पेटंटच मिळत नाही, म्हणून इथे कोणी नवे खेळ करत नाही. टोरांटोत बरीच वर्षे पेटंट अर्जांच्याच कामात काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की दोघेही आपली तक्रार भलत्याच कचेरीत घेऊन जात आहेत.

पेटंट म्हणजे कर्तृत्वाचा दाखला, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. प्रत्यक्षात तो दुसऱ्याला रोखण्याचा, साधारणपणे २० वर्षे मुदतीचा आणि ज्या देशाने दिला त्या देशापुरताच मर्यादित असा हक्क आहे. तो मिळाला म्हणून ती वस्तू बनवण्याची किंवा विकण्याची परवानगी मिळत नाही, आणि ती कोणी विकत घेईल याची हमी तर मुळीच मिळत नाही. कोलोरॅडोतल्या युनायटेड कॅनाबिस कॉर्पोरेशन या कंपनीकडे कॅनाबिनॉइडांच्या, म्हणजे गांजाच्या झाडातल्या सक्रिय द्रव्यांच्या, द्रवरूप मिश्रणांचे पेटंट होते आणि त्याच्या जोरावर तिने २०१८ साली एका प्रतिस्पर्ध्यावर दावा लावला. गांजाच्या पेटंटावरचा हा अमेरिकेतला पहिला मोठा खटला म्हणून आमच्या व्यवसायात सगळ्यांचे लक्ष त्याकडे होते, पण निकाल लागण्याआधीच, २०२० साली, पेटंटधारक कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकी सरकारचे उदाहरण तर याहून मासलेवाईक आहे. कॅनाबिनॉइड द्रव्ये मज्जापेशींचे रक्षण करू शकतात, या आधारावर तिथल्या आरोग्य खात्याने २००३ साली स्वतःच्या नावावर पेटंट घेतले आणि त्याच वेळी तिथल्या संघीय कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे मान्य वैद्यकीय उपयोग नसलेल्या पदार्थांच्या यादीत, गांजा कायम होता. २०१९ साली ते पेटंट मुदत संपून गेले. तेव्हा अमेरिकेतल्या एखाद्या शोधकाच्या नावावर गांजाची पेटंटे आहेत म्हणून पार्ल्यात कोणाचे काही हिरावले गेले, असे मला वाटत नाही.

मामांच्या रागामागे हळदीचा इतिहास आहे आणि तो खरा आहे. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, जुन्या ग्रंथांचे आणि नियतकालिकांचे पुरावे देऊन त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. (त्या पेटंटावरचे दोन्ही शोधक भारतीय वंशाचे होते, हा तपशील आपल्याकडे सोयीने विसरला जातो.) त्यातूनच २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले, ज्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतील पाठ पाच परदेशी भाषांत मांडून पेटंट परीक्षकांना उपलब्ध करून दिले जातात. शिवाय आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३ बरेच कडक आहे. पारंपरिक ज्ञान किंवा त्याचे नुसते एकत्रीकरण, ज्ञात द्रव्याचे परिणामकारकता न वाढवणारे नवे रूप, वनस्पती आणि उपचाराची पद्धत या सगळ्यांना ते पेटंट नाकारते. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेक या कर्करोगावरील औषधाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी दिलेला निकाल याच कलमावर उभा आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीयांना हे कलम मागासलेपणाचे लक्षण वाटते, मला वाटत नाही. कॅनडातही उपचाराच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही आणि इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या जनुकबदल केलेल्या उंदराच्या प्रकरणात उच्च श्रेणीचे सजीव पेटंटयोग्य नसल्याचे ठरवले. आपण जगावेगळे काही केलेले नाही.

हळदीचे हत्यार गांजाला मात्र लागू पडत नाही, कारण अलीकडच्या गांजाच्या पेटंटांत "विजया वेदनेवर चालते" असा दावा क्वचितच असतो. त्यांत टीएचसी (झाडातले नशा आणणारे द्रव्य) आणि सीबीडी (नशा न आणणारे) यांचे ठरावीक प्रमाण असते, पाण्यात न विरघळणारे द्रव्य शरीरात शोषले जावे म्हणून केलेले पायस (इमल्शन) असते, जिभेखाली फवारायची कुपी असते. असा दावा करायचा तर आधी झाड लावावे लागते, फुलोरा तोडून त्याचे विश्लेषण करावे लागते, रुग्णांवर चाचण्या घ्याव्या लागतात. त्यातले बरेचसे काम भारतात करणे अतोनात अवघड आहे, आणि त्याला कारण परदेशी पेटंट नसून आपला अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे १९८५ चा एनडीपीएस, आहे.

हा कायदा बारकाईने वाचला तर तो समजला जातो तितका आंधळा नाही. त्याच्या व्याख्येत चरस आणि गांजा, म्हणजे राळ आणि फुलोरा, येतात, पण फुलोऱ्याविना असलेली पाने आणि बिया येत नाहीत. भांग त्यामुळेच राज्यांच्या अखत्यारीत उरली आणि महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय निषिद्ध आहे. आयुर्वेदिक औषधांत भांग वापरता येते, फक्त औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मधील विषारी द्रव्यांत तिची गणना असल्याने ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असते. अडचण अशी की औषधी द्रव्ये सर्वाधिक असतात ती मादी झाडाच्या फुलोऱ्यावरील राळग्रंथींत, आणि कायद्याने घट्ट कुलूप लावले आहे ते नेमके तिथेच. त्या कुलपाची किल्लीसुद्धा कायद्यातच आहे : कलम ८ वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांसाठी अपवाद करते आणि कलम १० गांजाच्या लागवडीला परवानगी देण्याचा व तिचे नियमन करण्याचा अधिकार राज्य सरकारांना देते. राज्यांनी तो किती वापरला? उत्तराखंडाने २०१८ पासून धागा आणि बियांसाठी अत्यल्प टीएचसी असलेल्या वाणांच्या लागवडीला परवाने दिले. जम्मूच्या सीएसआयआरच्या संस्थेने संशोधनासाठी परवानगी घेऊन लागवड केली. बॉम्बे हेम्प कंपनी २०१३ साली मुंबईतच सुरू झाली, पण वैद्यकीय लागवडीचा राजमार्ग महाराष्ट्रात अजून झालेला नाही.

या संदर्भात मामांना मी ब्रिटनचे उदाहरण देते आणि ते त्यांना आवडत नाही. तिथे गांजा बेकायदा होता आणि डॉक्टरांना तो लिहून देण्याची मुभा २०१८ च्या नोव्हेंबरपर्यंत जवळजवळ नव्हती, तरीही १९९८ साली स्थापन झालेल्या जीडब्ल्यू फार्मास्युटिकल्स या कंपनीला तिथल्या गृह खात्याने त्याच वर्षी लागवडीचा आणि संशोधनाचा परवाना दिला. त्या कंपनीच्या सॅटिव्हेक्स या तोंडातल्या फवाऱ्याला २००५ साली कॅनडाने सर्वांत आधी सशर्त मान्यता दिली. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांच्या मज्जावेदनेसाठी ते औषध होते. पुढे शुद्ध सीबीडीचे एपिडायोलेक्स तयार झाले आणि मुलांमधील दोन दुर्धर अपस्मारांसाठी, लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्राव्हे यांसाठी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये ते मंजूर केले. बंदी उठण्याची वाट न पाहता बंदीच्या आतून एक नेमकी वाट काढून दिली गेली आणि वीस वर्षांनी औषध हातात आले. पेटंटे त्या कामाच्या मागून आली. आपल्याकडे १८३९ साली कोलकात्यात विल्यम ओशॉनेसी यांनी याच झाडावर वैद्यकीय प्रयोग केले होते आणि १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज आयोगाने सात खंडांच्या अहवालात माफक सेवन फारसे हानिकारक नसल्याचा निष्कर्ष काढला होता. म्हणजे आपल्या हातात दीडशे वर्षांची आघाडी होती.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना गांजा कायदेशीर केला आणि माझ्या घराजवळच त्याची दुकाने आहेत, पण मुंबईने तसे करावे असे मी म्हणत नाही. दुकानातला गांजा आणि औषधातला गांजा हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर कॅनडाने २००१ सालीच, पहिल्याच्या सतरा वर्षे आधी, आपल्या परीने दिले होते. मुंबईत मात्र औषधाचा विषय काढला की संभाषण दोन वाक्यांत नट-नट्यांच्या अटकेवर जाते आणि तिथून परत येत नाही. विशेष म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक अनुसूचीतून वगळण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या मतांनी संमत केला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले होते. त्या मताच्या पाठोपाठ देशात जे नियम यायला हवे होते, त्यांच्याबद्दल मामांच्या पार्ल्यातल्या मित्रमंडळात कोणी बोलताना मी ऐकलेले नाही.

मावसभावाचा प्रश्न त्या मानाने हलका आहे, तरी त्याच्यातही गैरसमज तोच आहे. आपल्या कायद्याचे कलम ३(म) खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट देत नाही, हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण अमेरिकेत सगळे खुले आहे हे त्याचे चित्र जुने झाले. 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या पद्धतीला १९९७ साली तिथे पेटंट मिळाले होते. २०१४ च्या ॲलिस खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मात्र नुसत्या अमूर्त कल्पनेवरचे पेटंट टिकणे कठीण झाले आणि २०१६ साली तिथल्या संघीय अपील न्यायालयाने जुगाराच्या पत्त्यांच्या एका खेळाचे नियम पेटंटयोग्य नसल्याचे ठरवले. नव्या प्रकारचा पट, नवी यंत्ररचना, नव्या घडणीचे पत्ते असे काही मूर्त असेल तरच आता आशा.

आणि पेटंट मिळूनही काय होते ते एलिझाबेथ मॅगी यांच्याकडे पाहावे. जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी नागवते हे दाखवण्यासाठी त्यांनी 'लँडलॉर्ड्स गेम' तयार केला आणि १९०४ साली त्याचे पेटंट घेतले. १७ वर्षांची मुदत संपली, खेळ लोकांच्या हातून हाती फिरत राहिला, १९२४ साली त्यांनी सुधारित रूपाचे दुसरे पेटंट घेतले. १९३५ साली चार्ल्स डॅरो यांच्या नावे त्याच खेळावरून आलेल्या 'मोनॉपॉली'चे पेटंट निघाले. डॅरो श्रीमंत झाले, आणि मॅगी यांचे पेटंट पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने ५०० डॉलरला विकत घेतले. त्यावर त्यांना मानधनाचा पुढचा एक पैसाही मिळाला नाही. ज्या मक्तेदारीवर टीका करायला खेळ रचला, तीच त्याच्या पेटंटाने साधली गेली. आपण लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत खेळलेला 'व्यापार' त्याच झाडाची फांदी आहे, आणि तो आपल्याला स्वस्तात मिळाला तो पेटंटे देशापुरती व मुदतीपुरती असतात म्हणूनच.

मावसभावाला खरी भीती आहे ती क्रॉफर्ड मार्केटच्या घाऊक बाजारात आपल्या खेळाची नक्कल दिसण्याची. तिच्यावर इलाज अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आजही आहेत : नावासाठी व्यापारचिन्ह, दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येणारे, आणि सोंगट्यांच्या व पटाच्या घडणीसाठी १० अधिक ५ वर्षांची डिझाइन नोंदणी. नियमपुस्तिकेच्या मजकुरावर आणि चित्रांवर कॉपीराइट तर आपोआपच असतो. नियमांची कल्पना उचलून कोणी वेगळा खेळ केला, तर ते खुशाल करू द्यावे, असेच माझे मत आहे. पचिसी आणि ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपट असेच हातोहाती बदलत जगभर गेले. मावसभावाने व्यापारचिन्हाचा अर्ज नुकताच भरला आहे.

मामांची गाडी हळदीवरून हलवायला जास्त वेळ लागला, पण त्यांनी आता राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला आहे. एनडीपीएसच्या कलम १० खाली वैद्यकीय आणि शास्त्रीय लागवडीसाठी महाराष्ट्राने नियम केले आहेत का, असल्यास कोणत्या तारखेला, आजवर किती संस्थांनी परवाना मागितला, किती जणांना तो मिळाला आणि नाकारताना काय कारणे दिली, असे त्यात प्रश्न आहेत. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि कायद्याने उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. "नियम केलेले नाहीत" एवढे एका ओळीचे उत्तर आले, तरी पुढच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकायला एखाद्या आमदाराला ते पुरेसे आहे.