कुलूपबंद हेल्प-फाइल आणि बदललेला फोन नंबर

पतसंस्था, हॉटेलं, देवस्थानं यांना हिशेबाची सॉफ्टवेअर करून देणारे गोव्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. तुमची मदतपुस्तिका लोक चोरतात, म्हणून पीडीएफला पासवर्ड लावा, नाहीतर सीएचएम (विंडोजची हेल्प-फाइल) करा. वेबवर असेल तर राइट-क्लिक बंद करा. मराठी मजकूर जुन्या फॉन्टात ठेवा. एवढं केलं की ‘कुणी कॉपी करू शकत नाही, कुणी बदलू शकत नाही’. शेवटी इशारा: कॉपीराइटची नोंदणी नसेल तर मजकुरावर तुमचा हक्कच नाही.

नक्कल वेगळी आणि फेरफार वेगळा, हेच संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही. वाचायला दिलेल्या मजकुराची नक्कल थांबवता येत नाही. फेरफारही थांबवता येत नाही, पण तो पकडता येतो. वेळ आणि पैसा घालायचा तर तिथे घालावा.

पासवर्डपासून सुरुवात करू. पीडीएफला दोन तऱ्हेचे पासवर्ड असतात. एक फाइल उघडण्याचा. तो भक्कम असेल तर मजकूर खरोखरच बंद राहतो, पण हेल्प-फाइलला तो लावून काय साधणार? प्रत्येक ग्राहकाला तो द्यावाच लागतो. संदेशात आहे तो दुसरा, परवानग्यांचा: छापू नका, कॉपी करू नका, बदलू नका. अशी फाइल कुणालाही उघडते, आणि उघडल्यावर मनाई पाळायची की नाही हे रीडरच्या, म्हणजे पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, मर्जीवर असतं. ओक्युलर नावाच्या मोफत रीडरमध्ये तर मनाई पाळावी की नाही यासाठी चक्क एक चौकोन आहे, टिक करा किंवा काढा. क्यूपीडीएफ हे छोटं साधन एका आज्ञेत ती मनाई पुसून टाकतं. कुत्रा न पाळता गेटवर ‘कुत्र्यापासून सावध’ची पाटी टांगावी, तसला हा बंदोबस्त.

सीएचएम म्हणजे एकत्र बांधलेली एचटीएमएल पानं. ही फाइल विंडोजमधल्या ज्या प्रोग्रामात दिसते, त्यालाच ती उलगडून पानं सुटी करायची आज्ञा देता येते. सेव्हन-झिप या झिप फाइली उघडणाऱ्या प्रोग्राममध्येही ती उघडते. राहिलं राइट-क्लिक. पान दिसलं म्हणजे मजकूर समोरच्याच्या संगणकात आधीच पोचलेला असतो, मग माऊसचं बटण अडवून काय उपयोग?

जुन्या फॉन्टाचा सल्ला मात्र मला फार खटकला, कारण तो खास आपल्या मराठीवाल्यांसाठी आहे. युनिकोड (आज सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टातला मजकूर कॉपी केला की दुसरीकडे रोमन अक्षरं आणि चिन्हं यांचा चिवडा उमटतो, हे खरं. पण त्याचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर कधीपासूनच फुकट मिळतात. तेवढीही खटपट नको असेल तर गूगल लेन्ससमोर पान धरा, देवनागरी मजकूर तयार. चोराचं काहीच अडत नाही. अडतं ते मार्चअखेरीला म्हापशाच्या पतसंस्थेत उशिरापर्यंत बसलेल्या क्लार्कबाईंचं. त्या हेल्पमध्ये ‘व्याज’ शोधतात आणि काही सापडत नाही, कारण पडद्यावर व्याज दिसत असलं तरी फाइलमध्ये त्या जागी भलतीच अक्षरं आहेत. दृष्टिहीन वापरकर्त्याचा स्क्रीन रीडरही तीच अक्षरं बडबडत सुटतो. मग रात्री फोन तुम्हालाच येतो.

आता ‘कुणी बदलू शकत नाही’. यातला खरा धोका तर संदेशात आलेलाच नाही. भामट्याला तुमची पुस्तिका विकायची नसते. तो मनाई काढतो, शेवटच्या पानावरचा मदतीचा नंबर खोडून स्वतःचा घालतो आणि फाइल पुढे पाठवतो. चित्रं तुमची, भाषा तुमची, लोगो तुमचा. ग्राहक विश्वासाने फोन लावतो आणि पलीकडून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगतात, मग ओटीपी. खोट्या कस्टमर केअरची ही फसवणूक देशभर चालते. पैसे गेले तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा, हेही ग्राहकांना सांगून ठेवा.

यावर उपाय डिजिटल सहीचा. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यता आहे, आणि कंपनीची कागदपत्रं भरण्यासाठी घेतलेलं, डिजिटल सही साठवणारं यूएसबी टोकन बऱ्याच जणांच्या सीएकडे पडून असतं. (ते सीएकडे का असावं, हा वेगळा विषय.) त्यानेच पीडीएफवर सही होते, आणि नंतर कुणी मजकुरात हात घातला तर रीडर इशारा देतो. मात्र २०१९ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ पैकी २१ डेस्कटॉप रीडरना सहीच्या बाबतीत फसवून दाखवलं होतं, तेव्हा रीडर अद्ययावत हवा. शिवाय भामटा सरळ ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून सहीच उडवू शकतो. खऱ्या फाइलवर सही असते हे ग्राहकाला आधी ठाऊक नसेल, तर ती गेल्याचं त्याला कळणारच नाही.

दुसरा मार्ग हॅशचा, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेल्या ठशाचा; फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो. तो काढण्याच्या पद्धतींपैकी शा-२५६ घ्या, शा-१ नको, कारण एकच शा-१ हॅश देणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ २०१७ मध्येच बनवून दाखवल्या गेल्या. हॅश आपल्या संकेतस्थळावर ठेवा. फाइलसोबत पाठवलात तर फाइल बदलणारा तोही बदलेल. पण खरं सांगायचं तर क्लार्कबाई काही हॅशची ६४ अक्षरं जुळवत बसणार नाहीत. त्यांच्यासाठी सोपं हे की पीडीएफमध्ये फोन नंबर छापूच नका. ‘नंबर प्रोग्रामच्या मदत मेनूत पाहा’ एवढंच लिहा, आणि एफ-१ दाबल्यावर सॉफ्टवेअरसोबत बसवलेलीच हेल्प उघडू द्या.

राहिला कॉपीराइट. १९५७ च्या कायद्यात नोंदणी ऐच्छिक आहे. मजकूर लिहिला की हक्क आपोआप मिळतो. कुलूपवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंग करण्याच्या इराद्याने परिणामकारक तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्यासाठी मुळात हक्क तुमचा असायला हवा. पुस्तिका पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिली असेल, तर वेगळा करार नसताना ती कंपनीची. बाहेरच्या फ्रीलान्सरकडून लिहून घेतली असेल, तर पैसे चुकते केले तरी लेखी हस्तांतरणाशिवाय हक्क त्याचाच राहतो. असे कागद न केलेले कितीतरी जण पणजी-मडगावात सापडतील. कागद केलात तरी त्यात मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत.